कार्डावर नसलेला रक्तगट

बेळगावच्या दक्षिण अंगाला शहापूर, वडगाव, खासबाग असा विणकरांचा सलग पट्टा आहे. (कोल्हापूरच्या कुस्तीच्या खासबागेशी याचा संबंध नाही. बाहेरगावच्या वाचकाची गल्लत होते, म्हणून आधीच सांगितले.) मागांचा खडखडाट, रविवारचा बाजार आणि एकाच वाक्यात मराठी-कानडी दोन्ही बोलणारी घरे. इथल्या मंडळांना रक्तदान शिबिराचे अप्रूप राहिलेले नाही. शिवजयंती असो, गणपती असो की एखाद्या कार्यकर्त्याची पुण्यतिथी, मंडपात खाटा लागतात, रक्तपेढीची गाडी येते, केळी-बिस्किटे वाटली जातात आणि दुपार कलेपर्यंत पिशव्यांचा आकडा फलकावर चढतो. काही दिवसांनी दात्याला कार्ड मिळते. त्यावर एक अक्षर आणि त्यापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. बहुतेकांच्या लेखी रक्तगट तिथे संपतो.

ही पुस्तिका तिथून पुढे सुरू होते. खासबागेपासून निपाणीपर्यंतच्या ज्या स्त्रीपुरुषांनी तीन-चार वेळा तरी रक्त दिले आहे आणि पुढेही देणार आहेत, ते डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. डॉक्टरांसाठी इंग्रजीत जाडजूड ग्रंथ आहेत. ज्याच्या दंडातून रक्त निघते त्याच्यासाठी मराठीत फारसे काही नाही. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. एबीओ आणि आरएच यांच्या पलीकडचे रक्तगट तपासून ठेवण्याला खरा अर्थ येतो तो पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वेच्छा दात्याच्या बाबतीत, आणि असे दाते मिळणे व त्यांच्यात काही दुर्मीळ सापडणे या दोन्ही गोष्टींची शक्यता या सीमाभागात भरपूर आहे.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या आणि प्रथिनांच्या असंख्य खुणा असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. या प्रतिजनांच्या चाळीसहून अधिक रक्तगट पद्धती आजवर मान्य झाल्या आहेत आणि त्यांत साडेतीनशेच्या वर प्रतिजन मोडतात. कार्डावर त्यांतल्या दोनच पद्धतींची नोंद असते, त्यातही आरएचमधल्या एकट्या ‘डी’ची. कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये ए, बी, ओ हे गट वेगळे काढले. १९२७ मध्ये त्यानेच फिलिप लेव्हिनबरोबर एम, एन आणि पी शोधले, आणि १९४० मध्ये अलेक्झांडर वीनरबरोबर आरएच. पुढचे दार उघडले ते १९४५ मध्ये. कूम्ब्स, मूरंट आणि रेस या इंग्लंडमधल्या तिघांनी पेशींवर चिकटून बसलेली, पण एरवी न दिसणारी प्रतिपिंडे, म्हणजे परक्या प्रतिजनाविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने, ओळखण्याची युक्ती काढली. प्रयोगशाळेत आजही ‘कूम्ब्स लावा’ म्हणतात ती हीच. मग सहा वर्षांत केल, डफी, किड अशी नावे एकामागून एक आली. ही सारी पेशंटांच्या किंवा त्यांच्या घराण्यांच्या आडनावांवरून पडलेली. केल एका बाळंतिणीवरून, डफी रक्त न गोठण्याचा आजार असलेल्या एका गृहस्थावरून, किड एका नवजात बाळाच्या कुटुंबावरून. पेशंटाचे आडनाव असे कायमचे पाठ्यपुस्तकात घालणे आजच्या कुठल्याही नीती समितीने मान्य केले नसते.

या प्रतिजनांची आणि ए-बीची वागणूक सारखी नाही. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे लहानपणीच तयार होतात, त्यासाठी परके रक्त अंगात जावे लागत नाही. म्हणून गट चुकला तर गंडांतर पहिल्याच पिशवीला येते. केल, डफी, किड किंवा आरएचमधल्या बाकीच्या प्रतिजनांविरुद्धची प्रतिपिंडे बहुधा परक्या पेशींची गाठ पडल्यावरच तयार होतात. ही गाठ पडते रक्त चढवताना किंवा गरोदरपणात. पहिली पिशवी निर्धोक जाते. शरीर मात्र लक्षात ठेवते.

यात किडची प्रतिपिंडे फार लबाड. तयार होतात आणि काही महिन्यांत इतकी ओसरतात की तपासणीत सापडतच नाहीत. वर्षभराने त्याच पेशंटाला पुन्हा रक्त लागते. क्रॉसमॅच, म्हणजे पिशवी आणि पेशंट यांचे रक्त जुळवून पाहण्याची तपासणी, स्वच्छ येते, पिशवी सुरळीत चढते, पेशंट घरी जातो. पाच-दहा दिवसांनी डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते आणि हिमोग्लोबिन जिथून चढवले होते तिथे किंवा त्याच्याही खाली येते. गावातला डॉक्टर कावीळ म्हणून औषध देतो आणि त्यात त्याचा दोष काढता येत नाही, कारण मधल्या त्या पिशवीचा विषय कोणी काढलेलाच नसतो. अशा किती काविळी कावीळ म्हणूनच निस्तरल्या गेल्या असतील, याचा हिशेब कुठल्याच वहीत सापडायचा नाही.

ज्याला आयुष्यात एकदा अपघातात दोन पिशव्या लागल्या, त्याला या सगळ्याची झळ सहसा लागत नाही. झळ लागते ती थॅलेसेमियाच्या मुलांना, ज्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. सिकलसेलच्या पेशंटांना लागते, डायलिसिसवरच्या काहींना, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांना. एकदा एक प्रतिपिंड तयार झाले की दुसरे होण्याची शक्यता वाढते आणि दर वेळी पिशवी शोधणे अधिक कठीण होते. म्हणून थॅलेसेमियाच्या मुलाला पहिली पिशवी चढवण्यापूर्वीच त्याचे सगळे महत्त्वाचे प्रतिजन तपासून ठेवावेत आणि पुढे किमान आरएचचे सी, ई आणि केल जुळवून रक्त द्यावे, असे जाणकार सांगतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हे घडत नाही. मूल आणले जाते तेव्हा हिमोग्लोबिन इतके खाली गेलेले असते की आधी पिशवी लावणे भाग पडते, आणि नंतर अंगात दोन-तीन जणांच्या पेशी मिसळल्या की मुलाच्या स्वतःच्या पेशींवर काय होते ते साध्या तपासणीत कळत नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक फाटा आहे: आईची प्रतिपिंडे पोटातल्या बाळाच्या पेशींवर उठू शकतात. डी निगेटिव्ह आईला द्यायचे इंजेक्शन आता सगळ्यांना माहीत आहे. आरएचमधला ‘स्मॉल सी’ किंवा केल यांच्याविरुद्ध आईत प्रतिपिंडे तयार होऊ नयेत यासाठी मात्र असे कोणतेही इंजेक्शन नाही. ब्रिटनमध्ये मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला शक्यतो केल निगेटिव्ह रक्तच देतात ते यामुळे. आपल्याकडे याच्या नेमके उलट दृश्य दिसते. बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर रक्त लागले की नवरा बाही वर करून पुढे येतो आणि सगळे त्याचे कौतुक करतात. पण नवऱ्याच्या पेशींवरचे जे प्रतिजन पुढच्या मुलात उतरणार, त्यांच्याशीच आईची गाठ घालून देणे शहाणपणाचे नाही. रक्तपेढीत नवऱ्याने रक्त जरूर द्यावे, ते दुसऱ्या कोणाला तरी जावे.

भाऊ, बाप, मुलगा यांचे रक्त सर्वांत सुरक्षित, ही समजूतही आपल्याकडे पक्की आहे. रक्ताच्या जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी पेशंटाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत. त्या तग धरतात आणि उलट पेशंटाच्याच शरीरावर उठतात. हा प्रकार क्वचित घडतो, पण घडला तर बहुधा जीवच जातो. अशी पिशवी किरणोत्सर्गाचा मारा करूनच द्यावी लागते. जिथे पिढ्यान् पिढ्या नात्यात लग्ने होतात तिथे हा धोका अधिक.

आता थोडे आकडे. युरोपीय गोऱ्या लोकांत डी पॉझिटिव्ह सुमारे ८५ टक्के, तर आपल्याकडे ९३ ते ९५. केल पॉझिटिव्ह तिकडे शंभरात नऊ, इकडे एक ते साडेतीन. स्मॉल सी तिकडे ८० टक्के लोकांत, इकडे ५५ टक्क्यांच्या आसपास. शेवटचा आकडा दिसायला साधा, पण महत्त्वाचा आहे. भारतात शंभरातल्या चाळीसहून अधिक लोकांत स्मॉल सी नसतो, आणि त्यांच्यापैकी कोणालाही डोळे झाकून दिलेल्या दोन पिशव्यांतली एक स्मॉल सी असलेली निघण्याची शक्यता आहे. व्हॉट्सॲपवर ‘ओ निगेटिव्ह तातडीने हवे’ असे निरोप दिवसाला चार फिरतात. ‘स्मॉल सी निगेटिव्ह हवे’ असा निरोप मी पाहिलेला नाही.

एकच प्रतिपिंड असेल तर रक्तपेढीला चार-पाच पिशव्या तपासून जुळणारी सापडते. खरी पंचाईत गुणाकारात आहे. समजा, एखाद्या मुलीच्या रक्तात स्मॉल सी, किडमधला जेके-ए आणि डफीमधला एफवाय-ए या तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे आहेत. स्मॉल सी नसलेले दाते शंभरात सुमारे ४३, जेके-ए नसलेले २० आणि एफवाय-ए नसलेले १४. तिन्ही एकदम नसलेले शंभरात एक, फार तर सव्वा. त्यातून तिचा गट ओ असेल तर दात्याचाही ओच हवा, म्हणजे हा आकडाही एक तृतीयांशावर आला. सुमारे अडीचशे दात्यांत एक. फ्रिजमध्ये ओ गटाच्या तीस पिशव्या असलेल्या रक्तपेढीला ती पिशवी सापडेल की नाही, हे केवळ नशिबावर.

आणि ही पिशवी एकदा शोधून भागत नाही, कारण मुलगी तीन आठवड्यांनी पुन्हा येणार. म्हणून पिशवीपेक्षा दाता शोधून ठेवणे शहाणपणाचे. दात्याचे प्रतिजन जन्मभर बदलत नाहीत. दोन वेगवेगळ्या वेळच्या नमुन्यांवर ते एकदा पक्के केले की पुढच्या वीस-तीस वर्षांच्या प्रत्येक पिशवीला तीच नोंद लागू पडते. या तपासणीची रसायने महाग आहेत. ज्याने भावाच्या ऑपरेशनसाठी एकदा रक्त दिले आणि जो परत कधी येणार नाही, त्याच्यावर हा खर्च पाण्यात जातो. जो दर तीन-चार महिन्यांनी आपण होऊन येतो, त्याच्या बाबतीत तो दर पिशवीमागे नगण्य होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. तेव्हा चर्चा झाली ती एचआयव्ही आणि काविळीच्या भीतीची. रक्तगटांच्या दृष्टीनेही तो निकाल मोलाचा ठरला, कारण त्यानंतरच पेढ्यांना स्वेच्छा दात्यांच्या याद्या गांभीर्याने ठेवाव्या लागल्या.

इथवरची गोष्ट देशातल्या कुठल्याही शहराला लागू पडते. खासबाग-निपाणीची म्हणून जी आहे ती १९५२ पासून सुरू होते.

त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा निबंध छापून आला. लेखकांत मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया होते आणि लंडनहून सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स. केईएम रुग्णालयात तीन माणसे अशी सापडली होती की त्यांच्या पेशी तपासणीत ओ दिसत, पण ओ गटाचे रक्त त्यांना चालत नव्हते. कारण ए आणि बी हे प्रतिजन ज्याच्यावर उभे राहतात तो एच नावाचा मूळ पदार्थच त्यांच्या पेशींवर नव्हता. घर उभे राहायचे ते जोत्यावर, आणि इथे जोतेच नाही. त्यामुळे ए किंवा बीचे जनुक असले तरी त्याला काही उभारता येत नाही. उलट या माणसांच्या रक्तात एचविरुद्ध जोरदार प्रतिपिंडे असतात आणि सामान्य ओ पेशींवर तर एच ठासून भरलेला असतो. अशा माणसाला ओ गटाची पिशवी लावली तर ती प्राणघातक ठरू शकते. त्याला चालते ते फक्त त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचे रक्त. या गटाला शहराचे नाव मिळाले, बॉम्बे. शहराचे नाव बदलले तरी रक्तगटाचे तेच राहिले.

भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये मुंबईतला या गटाचा आकडा दिला तो ७६०० त एक. युरोपात तो लाखांत एखादा. देशभरातून नोंदल्या गेलेल्या लोकांत सर्वाधिक महाराष्ट्रातले, त्याखालोखाल कर्नाटकातले, मग आंध्र आणि गोवा. म्हणजे बेळगाव जिल्हा नेमका या पट्ट्याच्या मध्ये येतो. पुढे जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा कळले की भारतातल्या बॉम्बे गटामागे बहुतेक वेळा एकच जुना बदल आहे. एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एफयूटी-१ या जनुकातले एक अक्षर बदललेले आणि शेजारचे एफयूटी-२ पार गळून पडलेले. हे दोन्ही दोष एकाच तुकड्यावर बसून पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत.

मूल बॉम्बे गटाचे होण्यासाठी हा तुकडा आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. साधे गणित केले तर ७६०० त एक या प्रमाणामागे दर ४४ माणसांत एक जण तो तुकडा घेऊन फिरत असतो. त्याला स्वतःला त्याचा काही त्रास नाही, तपासणीत तो दिसतही नाही. हेच गणित सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नाला लावले तर मुलांत बॉम्बे गट सुमारे १२०० त एक येतो. मामा-भाचीच्या लग्नात सुमारे ६५० त एक. आता या भागातली लग्ने आठवा. मामाची मुलगी हक्काची, हे आपल्याकडे गाणी-म्हणींपर्यंत रुजलेले आहे, आणि घटप्रभा ओलांडून दक्षिणेला गेले की कित्येक घरांत सख्ख्या मामाशी लग्नही रीतीतच बसते. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींमधला सांधा असल्याचे दाखवले होते. तो सांधा जमिनीवर पाहायचा तर निपाणी ते खासबाग एवढा प्रवास पुरतो. विणकरांच्या जाती-पोटजाती लहान आणि लग्ने त्यांच्या आतच. त्यामुळे मुंबईचा सरासरी आकडा इथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. एखाद्या गल्लीत पाच हजार लोकांत एकही सापडायचा नाही, आणि पलीकडच्या गल्लीतल्या एकाच घरात तीन भावंडे निघतील.

रक्तगट आणि जात यांचा संबंध तपासण्याचे काम मराठी मुलखात जुने आहे. पहिल्या महायुद्धात सॅलोनिकाच्या आघाडीवर हिर्झफेल्ड पतिपत्नींनी निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले आणि हिंदी सैनिकांत बी गट भरपूर असल्याचे १९१९ मध्ये जाहीर केले. टाटा मेमोरियलचे डॉ. व्ही. आर. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी १९४९ मध्ये मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा तक्ता प्रसिद्ध केला, त्यात रक्तगट होते. कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची अशीच तुलना केली. एका नावाखाली येणारे गट मुळात वेगवेगळे असू शकतात, हा कर्व्यांचा आवडता सिद्धान्त होता आणि त्या आकड्यांनी त्याला बळ दिले. या अभ्यासांची मला कदर आहे. पण रक्तपेढीच्या अर्जावर जातीचा रकाना असावा असे मला वाटत नाही. घराण्यात कोणी सापडला तर भावंडांना बोलावून तपासावे. जातीने तपासायला गेलो तर उपयोग थोडा आणि भांडणे फार.

बॉम्बे गट निसटतो कसा, हे शिबिर घेणाऱ्यांनी नीट समजून घ्यावे. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब ठेवून ए, बी आणि डी यांची रसायने घातली की बॉम्बे गटाचे रक्त अगदी ओसारखे दिसते. फरक कळतो तो उलट्या तपासणीत, म्हणजे दात्याचा रक्तद्रव माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर घालून पाहिल्यावर. ओ पेशींच्या गुठळ्या झाल्या की तंत्रज्ञ कान टवकारतो. परवानाधारक रक्तपेढीत दोन्ही तपासण्या होतात, व्हायलाच हव्यात. पण शाळेच्या ओळखपत्रावर, वाहन परवान्यावर, आरोग्य मेळाव्यातल्या चिठ्ठीवर छापलेला ‘ओ’ बहुधा काचपट्टीवरचाच असतो. तो वाचून कोणी स्वतःला ओ समजू नये, आणि रुग्णालयाने तर मुळीच समजू नये.

यातून घरात कधी कधी भलतेच वादळ उठते. एबी गटाच्या आईला किंवा बापाला ओ गटाचे मूल होत नाही, हे शाळेच्या पुस्तकात शिकवलेले असते. मुलाच्या कार्डावर ओ आला की कुजबुज सुरू होते. मूल बॉम्बे गटाचे असेल तर ए किंवा बी त्याच्या जनुकात असूनही पेशीवर दिसत नाही, आणि आईबापाचा गट काहीही असू शकतो. कार्डाच्या आधाराने एखाद्या बाईवर संशय घेण्यापूर्वी उलटी तपासणी झाली आहे का, एवढे तरी विचारावे.

मुंबईत केईएमच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची रक्तगट संदर्भ प्रयोगशाळा १९५७ मध्ये सुरू झाली. आज ती राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. भाटियांनी तिथे वर्षानुवर्षे काम केले. याच मुंबईच्या मंडळींनी १९७३ मध्ये आणखी एक प्रतिजन शोधला. त्याला ‘इंडियन’वरून इन-ए नाव मिळाले. आपल्याकडे शंभरात तीन-चार जणांत तो असतो, युरोपीय लोकांत जवळजवळ नाहीच. दाता-पेशंटांच्या रक्तातली प्रतिपिंडे हुडकण्यासाठी ज्या तयार पेशी वापरतात, त्या बव्हंशी परदेशी दात्यांच्या असतात. त्या पेशींवर इन-ए नसेल तर त्याविरुद्धचे प्रतिपिंड तपासणीतून निसटणारच. या तयार पेशींची बाटली महाग, थोड्या आठवड्यांत बाद होणारी, आणि बोटीने किंवा विमानाने येईपर्यंत त्यातले काही दिवस गेलेले. खासबागेतल्या ओ गटाच्या वीस-पंचवीस नियमित दात्यांचे सगळे प्रतिजन तपासून ठेवले तर त्यांच्याच पेशींतून जिल्ह्याला पुरेल असा संच करता येईल. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालये दोन आहेत, तंत्रज्ञ आहेत. कमी आहे ती दात्यांच्या पक्क्या यादीची.

यादी म्हटली की सीमा आडवी येते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले आणि त्यावर जे घडले ते इथे सांगायची गरज नाही. रक्तापुरते सांगायचे तर दोन राज्यांच्या रक्तसंक्रमण परिषदा वेगळ्या, शिबिरांचे अहवाल वेगळ्या राजधान्यांत जातात. पेशंट मात्र मिरजेला, कोल्हापूरला, बेळगावला आणि गोव्याला सोयीप्रमाणे जातात. सुना कागल-गडहिंग्लजहून खासबागेत येतात, लेकी चंदगडला दिल्या जातात. बॉम्बे गटाच्या खासबागेतल्या माणसाची सख्खी बहीण, जिचे रक्त जुळण्याची शक्यता चारात एक आहे, ती लग्नानंतर दुसऱ्या राज्याच्या यादीत असते किंवा कुठल्याच यादीत नसते. या एका बाबतीत तरी सगळा मुलूख एक धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय पातळीवर दुर्मीळ दात्यांची नोंदवही मुंबईच्या त्या संस्थेने हाती घेतली आहे. जिल्ह्याच्या याद्या थेट तिला जोडल्या तर हद्दीचा प्रश्न उरत नाही.

कर्नाटकातलेच एक ताजे उदाहरण आहे. कोलार जिल्ह्यातल्या एका ३८ वर्षांच्या महिलेला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त लागणार होते. तिचा गट ओ पॉझिटिव्ह, पण कोणतीच ओ पिशवी जुळेना. बंगळूरच्या रक्तकेंद्राने तिच्या वीस नातेवाइकांचे नमुने तपासले. एकही जुळला नाही. नमुने इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला गेले, दहा महिने संशोधन झाले आणि क्रोमर नावाच्या रक्तगट पद्धतीतला एक नवाच प्रतिजन निघाला. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या परिषदेत त्याचे नाव जाहीर झाले: क्रिब. क्रोमरचा क्र, आणि इंडिया-बंगळूरची आद्याक्षरे. शस्त्रक्रिया डॉक्टरांनी रक्त न चढवता पार पाडली. सगळ्यांनाच असे डॉक्टर आणि असे नशीब मिळत नाही.

पुढच्या प्रकरणांत एकेका पद्धतीची माहिती आहे. ती क्रमाने वाचलीच पाहिजे असे नाही. आरएच आणि केल मात्र सगळ्यांनी वाचावे, कारण रोजच्या अडचणी तिथल्याच. लुईस, पी वगैरे प्रकरणे चाळली तरी चालतील. तपासणीनंतर दात्याला जे पत्र मिळेल ते कसे वाचायचे, हे शेवटी दिले आहे. त्या पत्राबद्दल एक काळजी बोलून ठेवतो. मुलीचा ‘दुर्मीळ रक्तगट’ निघाला की स्थळे येताना अडतील, या भीतीने घरचे ते दडवतात. बॉम्बे गट हा आजार नाही. त्या माणसाला रक्त लागेपर्यंत काहीही कमी नसते. तरीही ही माहिती दात्याची खासगी आहे आणि मंडळाच्या फलकावर, सत्काराच्या भाषणात किंवा वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत ती त्याला विचारल्याशिवाय जाता कामा नये.

आयोजकांना सर्वांत जड जाणारी गोष्ट वेगळीच आहे. शिबिरात बॉम्बे गटाचा माणूस उत्साहाने आला तर त्याला त्या दिवशी परत पाठवायचे. त्याची पिशवी फ्रिजमध्ये फार तर ४२ दिवस टिकते आणि तेवढ्या दिवसांत ती नेमकी लागेलच असे नाही. ग्लिसरॉल घालून गोठवली तर दहा वर्षे राहते, पण ती सोय मोजक्या केंद्रांत आहे. वाया गेलेल्या पिशवीनंतर पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही, आणि फोन नेमका त्याच काळात यायचा. म्हणून त्याचे हिमोग्लोबिन बघावे, त्याच्या भावंडांची नावे-गावे विचारून घ्यावीत, नोंदवहीत त्याचे नाव घालावे आणि चहा पाजून घरी सोडावे. मोबाइल नंबर बदलला किंवा गाव सोडले तर रक्तपेढीला कळवायचे, एवढे त्याच्याकडून कबूल करून घ्यावे.